रक्तावरची साय

मी तिसरीत असताना एका डॉक्टरांनी माझ्या वडिलांना अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हे गृहस्थ रोज किती घेतात?"

गृहस्थ म्हणजे मी. तपासणीच्या टेबलावर उताणा पडलेला, सदरा हनुवटीपर्यंत वर, आणि मधे माझं पोट. त्या दवाखान्यात पोटापेक्षा उंच असं एक भिंतीवरचं घड्याळच काय ते होतं.

"काय घेते, साहेब?" वडिलांना कळेना.

"दारू."

माझे वडील पोस्टमन. मानोऱ्याच्या आजूबाजूच्या तांड्यांवर सायकलने पत्रं वाटून वाटून त्यांच्या अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. खाकी सदरा त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. ते त्या सदऱ्यात ताठ झाले. "साहेब, आमच्या घरात पंचशील हाय! म्या सोता उभ्या जन्मात थेंब नाई घेतला. अन् हे तं लेकरू हाय!"

"ते मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. डोळे मिटलेले, बोटं माझ्या उजव्या बरगडीखाली रुतलेली. "पण यांचं लिव्हर हे मानायला तयार नाही. बरगडीखालून चांगलं बाहेर आलंय. मऊ आहे, गोलसर आहे. पुस्तकात असं लिव्हर दारुड्यांचं सांगितलंय. हे बिनदारूचे दारुडे! मी असा मनुष्य पहिल्यांदाच पाहतोय." आणि ते इतक्या आनंदाने हसले की, मला काहीतरी बक्षीस मिळालं असावं असं वडिलांना वाटलं.

डॉक्टर आमच्या भागातले नव्हते. कुठून आले, कशासाठी आले आणि मानोऱ्यातच का राहिले, याबद्दल गावात निरनिराळ्या कथा होत्या आणि त्या सगळ्या त्यांनीच वेगवेगळ्या लोकांना सांगितलेल्या होत्या. उंच, किडकिडीत, वाकलेले. बाराही महिने हातात छत्री. गावाचा त्यांच्यावर पहिला आक्षेप त्यांच्या बारीकपणावरच होता. "ज्याच्या सोताच्या अंगाले दवा लागली नाई, तो दुसऱ्याले काय देईन?" असं माणसं उघड विचारत. डॉक्टरांना ते फार आवडायचं. तेच वाक्य ते पुढच्या पेशंटला स्वतःहून ऐकवत.

त्यांच्याकडे मानपान वयाच्या उलट्या क्रमाने चाले. पाळण्यातल्या पोराला "अहो, रडता काय असे, जरा आ करा" आणि पंचायत समितीच्या सभापतींना "बस रे तिकडे, बिडी विझव आधी." सभापतींनी एकदा याचा जाब विचारला. डॉक्टर म्हणाले, "तुला मान द्यायला अख्खा तालुका पडलाय. या पोरांना कोण देतं?" सभापती विचारात पडले आणि बिडी विझली.

दुसरी खोड ठोकण्याची. डाव्या हाताचं मधलं बोट पोटावर ठेवायचं आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने टकटक करायची. आत कुठे भरीव, कुठे पोकळ, ते आवाजावरून ओळखायचं. डॉक्टरांची ही जुनी विद्या. पण सराव मोडू नये म्हणून आमचे डॉक्टर दिसेल ते ठोकायचे. दरवाजे, घागरी, धान्याच्या कोठ्या. आठवडी बाजारात टरबुजांच्या ढिगापुढे ते उकिडवे बसत आणि एकेक टरबूज डोळे मिटून तपासत. टरबूजवाली ओरडायची, "डाक्टर, घेनं असंन तं घ्या, नाई तं उठा! माही टरबुजं बिमार नाई!" चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्या फौजदाराची पाठ त्यांनी एकदा बोलता बोलता ठोकली आणि म्हणाले, "उद्या ये. डावीकडे पाणी वाटतंय." फौजदाराने शिव्या दिल्या. आठवड्याने तो आला आणि छातीतून खरंच पाणी निघालं. तेव्हापासून फौजदार बाजारात दिसला की डॉक्टरांकडे पाठ करायचा नाही.

आता मी इतका लठ्ठ कसा झालो, तेही दुष्काळाच्या वर्षांत, हे सांगायला हवं. त्या वर्षांत दवाखान्याच्या ओट्यावर दुष्काळी मदतीची सुकडी खाऊन हगवण लागलेली, हाडं मोजता येतील अशी पोरं बसलेली असत आणि त्यांच्यामधून मी मिरवणुकीतल्या हत्तीसारखा आत जायचो.

माझी माय इंझोरीच्या शेतमजुराची लेक. तिच्या लहानपणी घरात जेवण हे रोजचं काम नव्हतं. मग तिला पगारवाला नवरा मिळाला. सरकारी पगार, दर महिन्याला, पाऊस येवो न येवो. आणि उशिराने, एकच, मी. तिने मला वाढवलं नाही, लिंपलं. भिंत लिंपतात तसं, थरावर थर. सकाळी दुधात साय आणि साखर, शाळेत जाताना खिशात गूळ-शेंगदाण्याचे लाडू, दुपारी तुपात बुडवलेली पोळी, संध्याकाळी गोड चहात टोस्ट. रेशनची साखर तिघांच्या नावावर यायची आणि एकाच पोटात जायची. कमरेचा करदोडा काचायला लागला की माय तो कापून नवा, लांब बांधायची आणि जुना शेजारणींना दाखवत फिरायची, "पाहा वं, दिवाळीचा होता. आत्ताच पुरत नाई." शेजारणी माझे गाल ओढून बघत. आमच्या वस्तीत इतकं गुबगुबीत पोर आधी कुणी पाहिलंच नव्हतं. मी फक्त तिचा मुलगा नव्हतो. आमच्या घराला बरे दिवस आले, याची मी चालती-बोलती दवंडी होतो.

या दवंडीला एकच गालबोट होतं, माझी मान. मानेभोवती काळा पट्टा, जाडसर, मखमलीसारखा. काखेतही तसाच. मायला तो मळ वाटायचा. ती नारळाच्या शेंडीने घासायची, बेसन लावून घासायची, शेवटी पाय घासायच्या वजरीने घासायची. पाण्याची मारामार असताना हंड्यातलं पाणी माझ्या मानेसाठी राखून ठेवायची. मान सोलून निघायची, काळं जायचं नाही. मग एक दिवस शाळेत गुरुजी माझ्या कॉलरला दोन बोटांनी धरून म्हणाले, "काय रे, तुमच्या वस्तीत मान धुण्यापुरतंही पाणी मिळत नाही?"

वर्ग हसला. 'वस्ती' हा शब्द गुरुजींनी जरा थांबून उच्चारला होता. मी घरी येऊन सांगितलं. ज्या बाईचं पितळ आरशासारखं चमकायचं, ती त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून राहिली आणि तिने स्वतःला वाढूनच घेतलं नाही.

डॉक्टरांनी माझी सोललेली मान पाहिली तेव्हा हे सगळं माझ्याकडून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी बे-एके-बे चालू असताना ते छत्रीसकट वर्गात शिरले.

"गुरुजी, आपली परवानगी मला नको आहे, पण रीत म्हणून मागतो," ते म्हणाले आणि खिशातून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. कापसाचा बोळा भिजवला आणि कुणाला काही कळायच्या आत गुरुजींच्याच मानेवरून खसकन फिरवला. बोळा वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. करडा. मग दुसरा बोळा माझ्या मानेवर, पुढून मागून, जोर लावून. तोही वर धरला. पांढराशुभ्र.

"हा मळ," पहिला बोळा टेबलावर ठेवत ते म्हणाले, "आणि हा आजार. फरक सोपा आहे. मळ धुतला की जातो." दोन्ही बोळे तिथेच ठेवून ते निघून गेले. गुरुजी दोन दिवस रजेवर होते.

मायला हे कळलं तेव्हा ती डॉक्टरांच्या पाया पडायला निघाली. त्याच भरात तिने रक्त तपासायलाही होकार दिला. "उद्या सकाळी उपाशीपोटी आणा," डॉक्टर म्हणाले. आता तुम्हीच सांगा, ज्या पोराचं रक्त काढून घेणार त्याला कुठली आई उपाशी पाठवेल? मायने पहाटेच मला पेलाभर दूध पाजलं, वर तूप सोडलं, दोन लाडू दिले. डॉक्टरांनी माझ्या तोंडाजवळ नाक आणून हुंगलं. "वेलदोडा!" ते किंचाळले. "गृहस्थ, आपण उपास कसला करून आलात? लग्न करून आलात!"

पुढच्या खेपेला त्यांनी धोका पत्करला नाही. कोंबडं आरवायच्या सुमारास तेच आमच्या दारात उभे, उकळलेली सुई डब्यात घेऊन. माय चूल पेटवत होती, मी अंथरुणात होतो. माझं रक्त काढलं, वडिलांचंही काढलं, आणि दोन काचेच्या नळ्या पितळी पेल्यात उभ्या करून खिडकीत ठेवल्या. मग आमच्याच ओसरीवर ठाण मांडून ते चहा प्यायला बसले.

उन्हं वर आली तसं नळ्यांमधलं रक्त गोठून खाली बसलं आणि वर पाणी सुटलं. वडिलांच्या नळीतलं ते पाणी कोऱ्या चहासारखं, पातळ, पिवळसर. डॉक्टरांनी वर्तमानपत्राचा तुकडा मागे धरला आणि वडिलांना म्हणाले, "वाच." वडिलांनी स्वतःच्या रक्तातून बी-बियाण्याची जाहिरात स्वच्छ वाचली. मग माझी नळी. मागे कागद होता की भिंत, तेही कळेना. वर ताकासारखं पांढरट काहीतरी उभं होतं.

माय पुढे झाली, तिने निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं माय! पाहा वं, माह्या लेकराच्या तं रक्तालेही साय आली!"

डॉक्टर हसले नाहीत. इतक्या दिवसांत ते हसले नाहीत, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"बाई, बसा," ते म्हणाले. मोठ्या माणसाला 'बसा' म्हणाले, तेव्हाच वडील घाबरले. "ती चरबी आहे. रक्तात चरबी, लिव्हरमध्ये चरबी. आणि मानेवरचं काळंही त्याच घरचं."

"कसं?" वडिलांनी विचारलं.

कापूस खरेदी केंद्रापुढे तेव्हा बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. डॉक्टरांनी तेच धरलं. "अन्नातली साखर म्हणजे कापसाच्या गाड्या. शरीरात इन्सुलिन नावाचा एक हाकाऱ्या आहे. तो फाटकाशी ओरडतो, 'उघडा, माल आलाय.' फाटक उघडतं, गाडी आत जाते. पण यांच्याकडे दिवसभर गाड्याच गाड्या. आतले लोक कंटाळले, कान बंद करून बसले. हाकाऱ्याचं कुणी ऐकेना. मग शरीर आणखी हाकारे पाठवतं. नुसता गोंगाट! फाटक जेमतेम किलकिलं. उरलेला माल कुठे टाकायचा? लिव्हरमध्ये. तिथे त्याची चरबी होते, तिथून ती रक्तात सांडते. आणि त्या गोंगाटानेच मान काळी पडते, असं मला वाटतं. पुस्तकांनी अजून नीट सांगितलेलं नाही."

"अन् पुढं?" वडील.

"आज काहीच नाही. म्हणून तर कुणाला खरं वाटत नाही. भर उमेदीत मधुमेह होईल. काळजाच्या नळ्या तुंबतील. लिव्हर दगडासारखं होईल. बापाच्या डोळ्यांदेखत जाईल, असं म्हणतोय मी."

"तं दवा द्या," माय म्हणाली.

"दवा नाही. कमी वाढा. गोड बंद, तूप बंद, आणि बापाबरोबर तांड्यापर्यंत पायी."

माय उठून उभी राहिली. मग म्हणाली, "डाक्टर, तुमी शिकेल मानूस. पन उपास तुमी कधी पाह्यला? आमी सहा भावंडं. माही माय वाढाची अन् म्हनाची, 'पुरे.' ताटात काही नसे तरी म्हनाची, 'पुरे.' दोघं तं त्याच्यातच गेले. म्या तवाच ठरोलं होतं, हा शब्द माह्या तोंडून माह्या लेकराले आयकू येनार नाई. अन् तुमी म्हनता कमी वाढा? चाला, बाप्पा, निंगा आता!"

मानोऱ्यात डॉक्टरांना घराबाहेर काढणारी माझी माय ही एकमेव बाई असावी.

त्यानंतर ती दवाखान्याच्या बाजूने जाईना. माझा खुराक उलट वाढला. जणू तिला कुणाला तरी काही दाखवून द्यायचं होतं. मला अर्थातच हे दिवस सुखाचे गेले. वडील मात्र मला जेवताना पाहायचे आणि स्वतः जेवणं विसरायचे. टपाल द्यायला गेले की डॉक्टर त्यांना काहीबाही निरोप द्यायचे. एकदा म्हणाले, "तिला सांग, भूक हा रोग नाही. पाहुणा आहे. रोज यावा, मुक्काम करू नये. तिच्या माहेरी तो मुक्कामाला बसला, आणि तुझ्या घरी तो एकदाही आलेला नाही." वडिलांनी हे घरी सांगितलं. मायने भांडी आपटली.

पुढे काही वर्षांनी डॉक्टर मानोऱ्यातून गेले. वाशीमला स्टेशनवर छत्री घेऊन बसलेले कुणाला तरी दिसले, एवढंच कळलं. मी बरेच दिवस लोकांना विचारत होतो. आता कुठल्याही टरबुजाच्या ढिगापुढे उकिडवा बसलेला म्हातारा दिसला की मी उगीच थांबतो. पण मला ते आठवतात ते एका रविवारचे, आमच्या घरातले.

मायचा राग अजून धुमसत असतानाच त्यांनी वडिलांबरोबर निरोप धाडला, "रविवारी जेवायला येतो. अट एक. बाई लहानपणी जे खात होत्या, तेच वाढायचं."

आमच्या घरी गावातला कुणी मोठा माणूस जेवायला बसेल, हे तोवर घडलेलं नव्हतं. चहासुद्धा बहुतेकजण 'आत्ताच झाला' म्हणून टाळायचे. वडील आनंदाने वेडे झाले, पण अट ऐकून माय पेटली. "जवारीच्या कन्या? पयल्यांदा मोठा मानूस घरात येऊन राह्यला, अन् त्याले कन्या घालू? जनावरालेही कोनी आता घालत नाई! लोकं थुंकतील माह्या तोंडावर!"

"त्याहिनं मांगितलं ना वं," वडील म्हणाले.

"मांगनाऱ्याले काय लाज!"

रविवारी पहाटेपासून घरात पुरण शिजत होतं. बरोबर बारा वाजता डॉक्टर आले, छत्री कोपऱ्यात उभी केली, उंबरठा एकदा ठोकून पाहिला आणि पाटावर बसले. शेजारी वडील, त्यांच्याशेजारी मी. दारात वस्तीतली अर्धी माणसं. मायने डॉक्टरांच्या ताटात पुरणपोळी वाढली, वर तुपाची वाटी पालथी केली.

डॉक्टर हात जोडून बसून राहिले.

"जेवा ना, साहेब," वडील कुजबुजले.

"हे कुणाचं ताट आहे? माझं अजून यायचंय."

माय त्यांच्याकडे पाहत उभी. डॉक्टर खाली मान घालून, हात जोडून. दारातल्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग माय वळली, चुलीमागे गेली आणि फडक्याने झाकलेलं एक मडकं घेऊन आली. म्हणजे रांधलं होतं तिने. रांधून लपवून ठेवलं होतं. ज्वारीच्या कण्या, घट्ट शिजलेल्या, आणि अंबाडीची भाजी. तिने डॉक्टरांपुढचं ताट उचललं, दुसरं मांडलं आणि कण्या वाढल्या.

डॉक्टरांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले, पोट ठोकताना मिटायचे तसे. "मीठ कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मीठ जास्तीचंच टाका लागते," माय हळूच म्हणाली. "खारट झालं का पानी जास्त पेल्या जाते. मंग पोट भरल्यावानी वाटते. माही माय तसंच कराची."

"आणि भाजी?"

"भाजी कुपावरची. दुसऱ्याच्या वावराच्या कुंपनावरची. आमी लपून आनत होतो." ती बोलायला लागली. पाहुणा आला की कण्यांत पाणी कसं वाढायचं, मोठी बहीण मडक्याच्या बुडाची करपलेली खरवड कुणाला न सांगता कशी खायची आणि पकडली गेली की ओठांना काजळ लागलंय असं कसं सांगायची. आणि मधेच ती हसली. दारातल्या बायकाही हसल्या, एक म्हातारी म्हणाली, "आमच्या घरीही तसंच वं, बाई," आणि आत येऊन बसली. हे सगळं सांगताना माय डॉक्टरांना वाढत होती, वडिलांना वाढत होती, आणि तिच्या लक्षात न येता तिने माझ्या ताटातही तेच वाढलं होतं.

मी भुकेला होतो. सकाळपासून पुरणाच्या वासाने वेडा झालो होतो, आणि पाहुणा जेवल्याशिवाय मला काही मिळालं नव्हतं. मी ते कण्यांचं ताट चाटूनपुसून खाल्लं. मग आपला हक्काचा माल आठवला. रिकामं ताट पुढे केलं आणि टोपलीतल्या पुरणपोळ्यांकडे बोट दाखवलं. "माय, आता पोयी."

तिचा हात सवयीने टोपलीकडे गेला. पोळी उचललीही. डॉक्टर काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. अख्ख्या तालुक्याला शब्दांनी ठोकून काढणारा तो माणूस ताटातली अंबाडी बोटाने गोळा करत होता. मायने माझ्या ताटाकडे पाहिलं, माझ्या मानेकडे पाहिलं. पोळी तिच्या हातातच होती. तिच्यावरचं तूप मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आलं तरी तिला भान नव्हतं.

मग तिने पोळी टोपलीत परत ठेवली आणि टोपलीवर फडकं घातलं.

"पुरे," ती म्हणाली. आवाज असा निघाला की तो तिचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. ती चुलीकडे तोंड करून बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

तेवढ्यात डॉक्टरांना कण्या आवडल्या होत्या की काय कोण जाणे, त्यांनी आपलं ताट हळूच पुढे सरकवलं.

माय वळली. लाल डोळ्यांनी तिने त्या ताटाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मडक्यावर झाकण ठेवलं.

"तुमालेही पुरे, डाक्टर. उठा आता."

"बरं, बाई," डॉक्टर म्हणाले. ते मुकाट्याने उठले आणि आम्ही दोघे गृहस्थ हात धुवायला अंगणात गेलो.